उताऱ्यापुरतं इंग्रजी

इंग्रजीतल्या कितीतरी गोष्टी मला निम्म्याच ठाऊक आहेत. एक म्हातारा डोंगरावरच्या झोपडीत एकटा राहत असे आणि एका वादळी रात्री त्याच्या दारावर थाप पडली, इथवर मला माहीत आहे. थाप कोणाची, ते माहीत नाही. एक राजा वेष पालटून नगरात हिंडत होता आणि त्याला वेशीपाशी रडणारी बाई भेटली. ती का रडत होती हे विचारायला राजा थांबला, तेवढ्यात उतारा संपला. खाली पाच प्रश्न. म्हातारा कुठे राहत होता? राजाने काय पालटले? ‘ओल्ड’चा विरुद्धार्थी शब्द लिहा. बाईचं पुढे काय झालं, हे परीक्षकाने विचारलं नाही आणि आम्हीही नाही. आम्हाला पाच गुण मिळाले, बाई रडत राहिली.

ग्रेस डार्लिंगचं तर फारच वाईट वाटतं. दीपगृहाच्या रखवालदाराची ही मुलगी १८३८ साली खवळलेल्या समुद्रात बापाबरोबर होडी घेऊन बुडत्या जहाजाकडे निघाली होती. आमच्या गाइडातल्या उताऱ्यात ती होडीत बसली, वल्हं हातात घेतलं आणि लगेच ‘मेक नाउन फॉर्म ऑफ ब्रेव्ह’ सुरू झालं. त्या फेऱ्यांत नऊ माणसं वाचली, हे मला नोकरीतून निवृत्त झाल्यावर कळलं. तोवर माझ्या लेखी ती मुलगी कित्येक दशकं वल्हं उचलून तशीच बसलेली होती.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली, आमची मुलं शाळेतून बाहेर पडता पडता. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत आम्ही वाचलेलं सगळं इंग्रजी एकापुढे एक मांडलं, तर ते दोन चांगल्या कादंबऱ्यांएवढं सहज भरेल. पण ते आम्ही दीडशे-दीडशे शब्दांनी घेतलं. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आम्हाला ते बाळकडूसारखं चमच्याने पाजलं गेलं आणि प्रत्येक चमच्यानंतर आत काय काय घटक होते ते विचारलं गेलं.

आता नातीची पाळी आहे. आम्ही नेरुळला राहतो, ती जवळच्याच एका इंग्रजी शाळेत सहावीत आहे, आणि तिच्या दप्तरात ‘कॉम्प्रिहेन्शन’ नावाची एक जाडजूड वही असते. तिचं माध्यमच इंग्रजी, तेव्हा ती तरी उतारा वाचत असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. ती समजूत तिने एका संध्याकाळी दूर केली.

“आजोबा, पॅसेज आधी नाही वाचायचा. आधी क्वेश्चन्स वाचायचे, मग त्यातले वर्ड्स पॅसेजमध्ये शोधायचे. टाइम वाचतो.”

“आणि गोष्ट?”

“गोष्टीला मार्क्स नसतात.”

हा मुद्दा बिनतोड होता. मी मग तिची परीक्षा घ्यायची म्हणून कागदावर एक मराठी उतारा लिहून दिला : ‘काल सांजेला एका खबदुल्या पिंजरकाने नदीकाठी तीन गुटळे फडवले. त्यामुळे गावचे झोंबरे फार भुसमटले.’ खाली प्रश्न. पिंजरकाने काय फडवले? किती? कुठे? झोंबरे का भुसमटले? पिंजरकाचे विशेषण शोधा. पोरीने पेन्सिल चावत मिनिटाभरात सगळं सोडवलं. गुटळे. तीन. नदीकाठी. पिंजरकाने गुटळे फडवल्यामुळे. खबदुल्या. शंभर टक्के बरोबर! शेवटचा प्रश्न मी मुद्दाम कठीण ठेवला होता : तुम्ही पिंजरकाच्या जागी असता तर काय केले असते? तिने लिहिलं, ‘मीपण गुटळे फडवले असते, पण गावच्या झोंबऱ्यांना आधी विचारले असते.’ संस्कार चांगले आहेत, एवढं तरी त्यातून निघालं.

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत ही सगळी चढण नीट आखून दिलेली असते. हो, प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतात. ए-वनला साधी माहिती, ए-टूला जरा गुंतागुंतीची, ए-थ्रीला शब्दसंपत्ती, ए-फोरला व्याकरण आणि ए-फाइव्हला ‘पर्सनल रिस्पॉन्स’, म्हणजे तुमचं स्वतःचं मत. आखणाऱ्यांचा हेतू उत्तम आहे, याबद्दल मला शंका नाही. वाचलेलं अंगी लागून मुलाने शेवटी आपलं काहीतरी बोलावं, अशी ती पायरी. पण गाइडवाले हुशार. त्यांनी पर्सनल रिस्पॉन्सही तयार करून छापला. त्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलांचं झाडांविषयी, आईविषयी आणि मोबाइलच्या दुष्परिणामांविषयी वैयक्तिक मत शब्दाशब्दाने एकच असतं.

आमच्या वेळी एवढ्या पायऱ्या नव्हत्या. घरात वडिलांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, कोपरे कुरतडलेली. मराठीचं व्याकरण १८३६ साली लिहिणारे दादोबा पांडुरंग यांचंही आडनाव तर्खडकरच. त्यामुळे व्याकरण म्हणजे या मंडळींच्या घरचीच शेती, असं आम्ही धरून चाललो होतो. पाठमालेतली वाक्यं एकामागून एक यायची, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही. आधीच्या वाक्यातला माणूस पुढच्या वाक्यात परत भेटेल अशी आशा बाळगायची नाही, एवढी शिस्त मात्र अंगी बाणली. मग रॅपिडेक्स आलं. त्याच्या जाहिरातीत कपिल देव असायचा, त्यामुळे ते घेतल्यावर इंग्रजी नाही तरी इनस्विंग येईल असं वाटायचं.

पण खरा दरारा रेन अँड मार्टिनचा. १९३०च्या दशकात निघालेलं हे व्याकरण आजही वाशीच्या कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात मागा, दुकानदार मान वर न करता काढून देतो. त्यातले रेनसाहेब म्हणजे पी. सी. रेन. मी लहानपणी त्यांची कल्पना करायचो ती कडक कॉलर, नाकावर चष्मा, हातात छडी. विशेषण कुठे आणि क्रियाविशेषण कुठे यापलीकडे ज्याला आयुष्यात काही सुचलं नाही, असा माणूस. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्यांनी नोकरी केली, कराचीत मुख्याध्यापक होते, इथवर माझी कल्पना ठीक चालली होती.

पुढचं कळलं तेव्हा मात्र मी उडालोच. हा माणूस आपल्या काळातला गाजलेला कादंबरीकार! १९२४ साली त्याची ‘ब्यू जेस्ट’ आली आणि तिच्यावर सिनेमे निघाले. कादंबरीची सुरुवात ऐका. आफ्रिकेच्या वाळवंटात फ्रेंच फॉरेन लिजनचा एक एकाकी किल्ला आहे. मदतीची तुकडी येऊन पोहोचते, तर तटावरच्या प्रत्येक झरोक्यातून एकेक सैनिक बंदूक रोखून उभा. हाक मारली तर ओ नाही. जवळ जाऊन पाहतात तर सगळे मेलेले. मेलेल्यांना उभं करून त्यांच्या हातात बंदुका कोणी दिल्या? त्यात इंग्लंडमध्ये एक नीलमणी चोरीला गेलेला, आणि तीन भाऊ, त्यांतला प्रत्येक जण म्हणतो की चोरी मीच केली.

आता मला सांगा, हा माणूस वर्षानुवर्षं आमच्या टेबलावर पडलेला होता आणि आम्ही त्याच्याकडून काय शिकलो, तर अनाउन्ससारख्या क्रियापदाचं पॅसिव्ह व्हॉइस. दुसऱ्या कोणाला नाही, खुद्द याच गृहस्थाला जिवंत माणूस पुस्तकाला कसा खिळवून ठेवायचा हे ठाऊक होतं. पण वर्गात कोणीही, कधीही म्हणालं नाही की पोरांनो, या रेनने एक भन्नाट गोष्ट लिहिलीय, व्याकरण झालं की वाचा. सरांनाही ते ठाऊक नसावं. त्यांनाही रेन उताऱ्यापुरताच भेटला असणार.

असाच दुसरा साहेब म्हणजे मायकेल वेस्ट. हा ढाक्याला होता. शंभर वर्षांपूर्वी बंगालमधल्या शाळा पाहून त्याने एक साधा प्रश्न विचारला. बरीचशी मुलं शाळा अर्ध्यावर सोडणार हे दिसतंच आहे, मग ज्या दिवशी मूल शाळा सोडेल त्या दिवशी त्याच्या हातात काय असेल? याला त्याने विमा कंपन्यांचा शब्द वापरला : सरेंडर व्हॅल्यू. आपल्याकडे एलआयसीची पॉलिसी मध्येच मोडणाऱ्या कोणालाही या शब्दाची कळ समजेल. अर्धवट व्याकरणाची सरेंडर व्हॅल्यू शून्य, पण थोडंसं का होईना वाचता येत असेल तर ते जन्मभर उपयोगी, असा त्याचा हिशेब होता. म्हणून त्याने मोजक्या शब्दांत बसवलेली वाचनमाला काढली आणि तिच्या जोडीला सोप्या केलेल्या गोष्टींची पुस्तकं. शब्द कमी, वाक्यं साधी, पण गोष्ट सुरू झाली की संपायची. पुढे १९५३ साली त्याची सुमारे दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली, ती जगभर गेली. आपण यादी तेवढी उचलली. गोष्ट संपवायची राहिली.

त्याच १९५३ सालची आणखी एक गंमत आहे. उताऱ्यातले ठरावीक शब्द गाळून रिकाम्या जागा भरायला देण्याची जी पद्धत, तिला ‘क्लोझ’ म्हणतात आणि ती अमेरिकेत विल्सन टेलर या माणसाने त्या वर्षी मांडली. बँकेच्या परीक्षा देणाऱ्या पोरांच्या झोपा या क्लोझ टेस्टने उडवल्या आहेत. पण टेलरने ती काढली होती मजकूर मोजायला. वाचणाऱ्यांना गाळलेले शब्द भरता आले नाहीत, तर लिहिणाऱ्याने बोजड लिहिलंय असं समजायचं. परीक्षा उताऱ्याची होती. ती पोरांच्या अंगावर कधी आली कोण जाणे, पण एकदा आली ती आलीच.

आमच्या सेक्टरमध्ये एक अभ्यासिका आहे. तिथे सकाळी सातपासून मुलं-मुली येऊन बसतात. कोणी सातारचं, कोणी बीडचं, मामाकडे नाहीतर भाड्याच्या खोलीत चौघांत राहून बँकेची तयारी करणारं. आयबीपीएसच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे तीस प्रश्न आणि वेळ वीस मिनिटं. त्यातलाच एक जण मला ‘काका, जरा बघता का’ म्हणून अधूनमधून उतारे दाखवतो. उतारे रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणावर, नाहीतर अॅमेझॉनच्या जंगलावर. आणि खाली एक प्रश्न हमखास : लेखकाचा सूर कोणता? पर्याय : क्रिटिकल, लॉडेटरी, सॅटिरिकल, इनडिफरंट. मी तो उतारा दोनदा वाचला. लेखक मला दमलेला वाटला, पण तो पर्याय नव्हता. शिवाय कोण लेखक, कुठल्या देशाचा, रागावून लिहितोय की नाइलाज म्हणून, कशाचाच पत्ता नाही. नाव न सांगता एखाद्याचे तीन परिच्छेद पुढे करायचे आणि त्याचा सूर ओळखायला लावायचं, हे म्हणजे फारच झालं. “काका, ‘इनडिफरंट’ कधीच बरोबर नसतं,” त्या पोराने मला समजावलं. मग तो पर्याय ठेवतात कशाला? “आपण फसावं म्हणून.” हे एकदा कळल्यावर वीस मिनिटं पुरतात म्हणे.

याउलट आमच्या इमारतीत एक अनसीन पॅसेज असा आहे की जो झाडून सगळे वाचतात, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतात. तो लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागतो. नवी मुंबईचं पाणी येतं मोरबे धरणातून, भोकरपाड्याला शुद्ध होऊन, आणि जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी ते अधूनमधून बंद असतं. तसं झालं की आमचे सेक्रेटरी नोटीस लावतात. त्यांचं इंग्रजी सरकारी वळणाचं आहे : ‘मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू स्टोअर सफिशियंट वॉटर अँड यूज द सेम ज्युडिशियसली.’

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं शिक्षण सातवीपर्यंत, कोकणातल्या शाळेत. त्या चष्मा लावून बोर्डासमोर उभ्या होत्या.

“अहो भाऊ, हे ‘सेम’ म्हणजे कोणाच्या सेम?”

“तेच पाणी, काकू.”

“मग तेच म्हणावं ना. आणि हे ज्युडि... काय ते?”

“जपून.”

“हां. मग संध्याकाळी येणार की गुरुवारी कमी दाबाने, ते कुठे लिहिलंय?”

पाहा! ए-वनपासून ए-फाइव्हपर्यंतचा प्रवास दोन मिनिटांत. काकूंनी माहिती काढली, शब्दार्थ विचारला, व्याकरणावर हरकत घेतली, आणि उताऱ्यात जे लिहायचं राहून गेलं होतं नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. पर्सनल रिस्पॉन्स त्यांनी नंतर सेक्रेटरींच्या दारात जाऊन दिला, तो सगळ्या मजल्यांना ऐकू आला. आता काकू नातवाला ‘शॅम्पू ज्युडिशियसली वापर’ म्हणतात. कुठल्याही वहीतल्या ‘फाइंड द सिनोनिम’ने हा शब्द त्यांच्या तोंडी बसला नसता. तो पाण्याने बसवला.

दुसरा दाखला स्टेडियमचा. २ नोव्हेंबर २०२५ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसामुळे उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालला, भारत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ५२ धावांनी जिंकला आणि त्या रात्री आमच्या भागात कोणीही झोपलं नाही. दुसऱ्या सकाळी पेपर आणायला खाली उतरलो, तर आमच्या इस्त्रीवाल्याचा मुलगा माझा इंग्रजी पेपर उघडून बसलेला. नववीत आहे, मराठी माध्यम, आणि इंग्रजीचं नाव काढलं की त्याला पोटदुखी होते. तोच पोरगा अख्खा वृत्तांत बोटाने ओळी धरत वाचत होता. शफालीच्या ८७ धावा, दीप्तीचे पाच बळी, वोल्वार्टचं शतक आणि अमनजोतच्या हातातून दोनदा उडून अखेर तिसऱ्यांदा हाती लागलेला तिचा झेल. ‘जगल्ड’ हा शब्द आला तेव्हा तो अडला नाही, दोन्ही हात हवेत नाचवून त्याने मला अर्थ सांगितला. झेल त्याने रात्री पाहिला होता, शब्द सकाळी भेटला.

यात काही चमत्कार नाही. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी १९८८ साली अमेरिकेत शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचा एक उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुलं, वाचनात पक्क्या पण बेसबॉलचा गंध नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे इसापनीती सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८२८ मध्ये मराठीत आणली. तेव्हापासूनचं कोल्ह्याचं आणि द्राक्षांचं नातं आपल्या हाडीमाशी आहे. म्हणून उताऱ्यात कोल्हा आला की आम्हाला इंग्रजी येतंय असं वाटायचं. खरं तर आम्हाला कोल्हा येत होता.

याचा अर्थ उतारे टाकून द्या असा मी मुळीच काढत नाही. पोराटोरांच्या हातात एकदम जाडं पुस्तक दिलं तर ती ते उशाला घेतील. छोटा उतारा बरा असतो, नवे पाच-सात शब्द भेटतात, क्रियापदाचा काळ कसा बदलतो ते चालत्या वाक्यात दिसतं, आणि जेवणाआधी संपतो. माझं भांडण त्याच्या लहान असण्याशी नाही. माझं भांडण आहे त्याच्या अनाथपणाशी. कुठून आला, कोणाचा, पुढे काय, याचा मागमूस पुसून तो मुलापुढे येतो. मग मूलही त्याला तसंच वागवतं. हवे ते शब्द काढून घेतं आणि वाटेला लावतं.

तेव्हा कृतिपत्रिका काढणाऱ्यांना, गाइडवाल्यांना आणि वह्या छापणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. उताऱ्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ जास्त छापा : पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव. उतारा घरीच रचलेला असेल, तर तसंही सांगा. बहुतेक मुलं ती ओळ वाचणार नाहीत, त्या ओळीला गुण नाहीत. पण वर्गातल्या साठांपैकी एखादं कार्टं वाचेल आणि ग्रंथालयात जाऊन विचारेल. तोवर शिक्षकांनी आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्या आजोबांनी आपल्यापुरती सुरुवात करायला हरकत नाही. रेनसाहेब १९४१ साली वारले, त्यांच्या कादंबरीचे हक्क आपल्याकडे केव्हाच संपलेत. ‘ब्यू जेस्ट’ इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते.